चाळीस टक्क्यांचा ठराव

जबाब

नाव : सौ. कुसुमावती शांताराम हुपरीकर
वय : ५९ वर्षे
धंदा : केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून निवृत्त स्टेनोग्राफर, सध्या घरकाम
राहणार : फ्लॅट क्र. २१४, दुसरा मजला, सहकारी गृहनिर्माण सोसायटी, नोएडा, जि. गाझियाबाद
दिनांक : १७ जुलै १९९६, सकाळी ११ पासून
ठिकाण : सेक्टरातील पोलीस चौकीची मागची खोली, जी पुण्याहून आलेल्या तपास पथकाला तीन दिवसांसाठी दिली आहे
लिहून घेणार : श्री. सुधाकर गोडांबे, सहायक पोलीस निरीक्षक, पुणे

समक्ष बसून, कोणी पढवले नसताना, मराठीत सांगते की, मी वरील पत्त्यावर माझे पती श्री. शांताराम विष्णू हुपरीकर, वय ६३, यांच्यासह राहते. मी एकतीस वर्षे सरकारी नोकरीत मंत्र्यांची व सचिवांची डिक्टेशन घेतली. इंग्रजी लघुलेखनाचा माझा वेग मिनिटाला एकशे वीस शब्द आहे. त्या वेगाने कोणी मंत्री बोलल्याचे मला आठवत नाही. विचार तर ते त्याहून सावकाश करत. हे शेवटचे वाक्य लिहायचे का, असे साहेबांनी विचारले. लिहा म्हटले.

पती १९९१ साली निवृत्त झाले. सरकारी क्वार्टर सोडून आम्ही नोएडाला राहायला आलो. त्या वेळी सेक्टरात पाणी दिवसाआड यायचे आणि पब्लिक इश्यूचे फॉर्म रोज. दुधाच्या बूथवर रांगेतली माणसे दुधाला हात लावण्याआधी एकमेकांना 'प्रीमियम कितना चल रहा है' असे विचारत. आमच्या जिन्यात बल्ब नव्हता, पण तळमजल्यावर शेअर ब्रोकरचा फोन होता.

मी १९९५ च्या एप्रिलअखेर निवृत्त झाले. म्हणजे मधली चार वर्षे मी सकाळच्या चार्टर्ड बसने ऑफिसला जात होते आणि पती घरी एकटे होते. पुढे जे झाले त्याला हेही एक कारण आहे असे माझे मत आहे. साहेब म्हणाले, मत नको, माहिती सांगा. माहिती अशी की पती आठवड्यातून तीनदा बस बदलून कोपर्निकस मार्गावरील महाराष्ट्र सदनात मराठी पेपर वाचायला जात. तिथल्या कॅन्टीनमध्ये १९९३ च्या दिवाळीनंतर त्यांची उल्हास दीनानाथ कारखानीस या इसमाशी ओळख झाली.

सदर इसमाचे वय अंदाजे बेचाळीस. बांधा उंच, रंग गोरा, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवण्याची सवय. पूर्वी त्याचे करोल बागेत मोटारींच्या सुट्या भागांचे दुकान होते. आम्ही भेटलो तेव्हा तो हिमोष्ण ब्लँकेट्स लिमिटेड या कंपनीचा अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक होता. कंपनीचे ऑफिस करोल बागेत, मिल पानिपतला. आडनाव कारखानीस असणे हाच त्याचा कारखानदारीचा अनुभव, हे आम्हाला नंतर कळले. तो माझ्या पतींना पहिल्या दिवसापासून 'काका' म्हणू लागला. निवृत्त झाल्यापासून पतींना कोणी काहीच म्हणत नव्हते.

जानेवारी १९९४ मध्ये कंपनीचा इश्यू आला. पानिपतच्या मिलमध्ये नवीन यंत्रे बसवण्यासाठी सहा कोटी रुपये पाहिजेत, असे फॉर्मवर छापले होते. शेअरची दर्शनी किंमत दहा रुपये, वर वीस रुपये प्रीमियम, म्हणजे एक शेअर तीस रुपयांना. पतींनी ग्रॅच्युइटीतून एक हजार शेअर घेतले, तीस हजार रुपयांचे. मी माझ्या पगारातून शंभर घेतले, तीन हजारांचे. मी ते का घेतले असे साहेबांनी विचारले. घरात रोज एकच विषय असल्यामुळे घेतले.

त्याच वर्षी कंपनीने पंचवीस टक्के लाभांश जाहीर केला. पती मला ऑफिसात फोन करून म्हणाले, "पंचवीस टक्के, कुसुम! बँक बारा देते!" त्यांनी मनात साडेसात हजारांचा हिशेब करून स्कूटरच्या नवीन सीटकव्हरची ऑर्डरही दिली होती. प्रत्यक्षात पोस्टाने लाभांशाचे वॉरंट आले, म्हणजे बँकेत भरायचा चेकच, ते अडीच हजारांचे. टायपिस्टची चूक असणार, असे म्हणून ते करोल बागेत जायला निघाले.

मी त्यांना सांगितले, "चूक नाही. टक्के दर्शनी किमतीवर असतात. दहाचे पंचवीस टक्के म्हणजे अडीच. तुम्ही तीस दिलेत. वरचे वीस प्रीमियमचे, त्यांच्यावर कोणी टक्का देत नाही. तुम्हाला पडले सव्वाआठ. त्यापेक्षा बँक बरी."

ते म्हणाले, "तुझं ऑफिस तू ऑफिसात ठेव."

ते करोल बागेत गेलेच. परत आले ते खिशात व्हिजिटिंग कार्ड घेऊन. कार्डावर त्यांच्या नावाखाली 'सल्लागार, भागधारक संपर्क' असे छापले होते. मानद काम आहे, असे त्यांनी मला सांगितले. दोनशे कार्डे होती. दिल्लीतल्या मराठी घरांत ती वर्षभरात संपली.

जुलै १९९५ मध्ये संचालक मंडळाने चाळीस टक्के लाभांशाची शिफारस केली. शेअरचा भाव अडतीस रुपये होता, तो सप्टेंबरपर्यंत एक्क्याण्णववर गेला. आमच्याच जिन्यात वरच्या मजल्यावर श्रीमती सुनंदा वाटवे राहतात. यजमान वारल्यावर त्या त्यांच्या जागी नोकरीला लागल्या. माझ्या पतींनी त्यांना आमच्याच बैठकीच्या खोलीत, माझ्यासमोर सांगितले, "वहिनी, कंपनीची पुस्तकं बंद व्हायच्या आत घ्या. त्या तारखेला रजिस्टरवर ज्याचं नाव, त्याला लाभांश. नंतर घेतलात तर वर्षभर थांबा." ही माहिती बरोबरच होती. सुनंदाबाईंनी यजमानांच्या प्रॉव्हिडंट फंडातून चारशे शेअर शहाऐंशी रुपयांनी घेतले. चार रुपये मिळवण्यासाठी शहाऐंशी रुपये. मी तेव्हा स्वयंपाकघरात होते. मला हिशेब येत होता. मी बाहेर येऊन बोलले नाही. हे माझ्याविरुद्ध जाते, पण खरे आहे.

त्याच आठवड्यांत उल्हास कारखानीसने बायकोच्या आणि मेहुण्यांच्या नावावरचे अकरा लाख शेअर चढ्या भावाने विकले, हे मला आज साहेबांकडून कळले. म्हणजे चाळीस टक्के हा लाभांश नव्हता, गळाला लावलेले गांडूळ होते.

सभेच्या नोटिशीबरोबर भागधारकांना एक कुपन आले होते. ते मिलच्या गेटवर दाखवले की निम्म्या किमतीत ब्लँकेट. दि. ५ सप्टेंबर १९९५ रोजी मी रोडवेजच्या बसने एकटी पानिपतला गेले. पानिपतला गेलेल्या मराठी माणसाने चांगली बातमी आणल्याचे मी तरी ऐकलेले नाही. मिलच्या फाटकाला कुलूप होते. आत अंगणात एक म्हैस बांधलेली होती आणि शेडमध्ये यंत्रांच्या जागी कडबा होता. चौकीदार खाटेवर बसला होता. त्याचे नाव मी विचारले नाही, कारण त्याने सांगितलेले त्याच्या नोकरीवर यायला नको होते.

तो म्हणाला, "माताजी, मिल तो होली से बंद है. माल लुधियाने से आता है, यहाँ बस ठप्पा लगता है."

मी म्हटले, "और नई मशीनें?"

तो म्हणाला, "कौन-सी मशीनें?"

कुपनावर त्याने मला एकशे चाळीस रुपयांना एक ब्लँकेट दिले. ते एकदा धुतल्यावर टॉवेलाएवढे झाले. मुद्देमाल म्हणून आज सोबत आणले आहे. साहेबांनी ते पाहिले, दाखल करून घेतले नाही.

घरी येऊन पतींना सांगितले. ते म्हणाले, "पाळी बदलत असेल. सुट्टी असेल." मी म्हटले, "होळीपासून?" त्यांनी रेडिओ लावला.

वार्षिक सर्वसाधारण सभा दि. २८ सप्टेंबर १९९५ रोजी सकाळी ११ वाजता करोल बागेतील एका लग्नाच्या हॉलमध्ये झाली. आदल्या दिवशीच्या लग्नाची झेंडूची तोरणे तशीच होती आणि व्यासपीठावर नवरानवरीच्या लाल मखमली खुर्च्या होत्या. एका खुर्चीवर उल्हास कारखानीस बसला, दुसऱ्या खुर्चीवर कंपनी सेक्रेटरी श्री. नीरज भल्ला. अंदाजे दोनशे माणसे हजर होती. त्यांतल्या निम्म्यांनी एकेक शेअर फक्त सभेच्या नाश्त्यासाठी घेतलेला असतो. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी मला सांगितले की त्या आठवड्यातली ही त्यांची सहावी सभा, आणि सिमेंटवाल्यांची बर्फी यापेक्षा चांगली होती.

मला सभेत रिकामे हात ठेवून बसता येत नाही. मी वही उघडली आणि सवयीने सगळे लघुलेखनात घेतले. मी शिकले इंग्रजीचे लघुलेखन, पण ते आवाजावर चालते. हिंदी, पंजाबी, मराठी, जे कानावर पडेल ते मी त्याच रेघांत बसवते. ती वही आज हजर केली आहे. तिची देवनागरीत उतरवलेली चौदा पाने सोबत जोडली आहेत. खालील बोलणे त्यातले आहे.

उल्हास कारखानीस पंचवीस मिनिटे बोलला. त्यात 'नया हिंदुस्तान' सतरा वेळा आले, 'ब्लँकेट' दोनदा. मग त्याने लाभांशाचा विषय घेतला आणि कोणाला काही विचारायचे आहे का म्हणाला. मी उभी राहिले.

मी : "अध्यक्ष महोदय, पानीपत की मिल होली से बंद है. मैं खुद देखकर आई हूँ. फिर यह मुनाफ़ा कहाँ से आया?"

उल्हास (मराठीत) : "काकू, घरच्या माणसानं भर सभेत असं बोलायचं का? आपण नंतर चहा घेऊ."

मी (हिंदीतच) : "चाय पी चुकी हूँ. लाभांश मुनाफ़े में से ही दे सकते हैं, यह क़ानून है. दूध बेचकर बाँट रहे हैं, या भैंस बेचकर? बस इतना बताइए."

लोक हसले. शेजारचे गृहस्थ सर्वांत जास्त हसले. उल्हास कारखानीस खुर्चीवरून उठला आणि माइक हातात घेऊन पुढीलप्रमाणे बोलला :

"अरे, भैंस भी आपकी, दूध भी आपका! इश्यू का पैसा बैंक में पड़ा था. पिछले साल भी उसी में से दिया, इस साल भी उसी में से देंगे. आपका ही पैसा आपको दे रहे हैं, खाइए ना!"

यावर टाळ्या पडल्या. साहेब, टाळ्या पडल्या. माणसाने माइकवर सांगितले की यंत्रांसाठी घेतलेले पैसे मी तुम्हालाच वाटून टाकले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. श्री. भल्ला तेवढे पांढरे पडले. त्यांनी उल्हासच्या कोटाची बाही ओढली, ती खांद्याच्या शिवणीत उसवली. कंपनीच्या इतिवृत्तात या ठिकाणी 'भागधारकांनी समाधान व्यक्त केले' एवढेच लिहिले आहे, असे साहेबांनी मला दाखवले.

उल्हास कारखानीसने घाईने विचारले, "प्रस्ताव कौन रखेगा?" आणि तिसऱ्या रांगेकडे पाहिले.

तिसऱ्या रांगेत माझे पती बसले होते. ते माझ्याबरोबर बसले नव्हते. सल्लागारांना पुढे जागा होती. ते उभे राहिले आणि म्हणाले, "मी, शांताराम विष्णू हुपरीकर, चाळीस टक्के लाभांशाचा ठराव मांडतो." ते मराठीत बोलले. एका गृहस्थांनी तोंडात समोसा असताना अनुमोदन दिले. त्यांचे नाव मला नीट ऐकू आले नाही, वहीत तिथे रिकामी जागा आहे.

संचालकांनी शिफारस केलेला लाभांश सभेला वाढवता येत नाही, पण कमी करता येतो. हे मला नोकरीतल्या डिक्टेशनमुळे माहीत होते. मी उपसूचना मांडली की लाभांश शून्य करावा आणि पैसे यंत्रांसाठी ठेवावेत. हॉलमध्ये ओरडा झाला. मागून कोणीतरी 'बैठ जाओ आंटी' म्हणाले. हात वर करून मत घेतले. माझ्या बाजूने एक हात, तो माझा. मग मूळ ठराव आला आणि सगळ्यांचे हात वर गेले. माझ्या पतींचाही हात वर होता, पण कोपरातून वाकलेला होता. लघुलेखनात हे लिहिता येत नाही, म्हणून इथे सांगते.

आम्ही एकाच बसने घरी आलो. दोघे वेगवेगळ्या सीटवर बसलो. बसला गर्दी नव्हती. मी पानिपतहून आल्यावर सगळे सांगितलेले असताना त्यांनी तो ठराव का मांडला, हे मी त्यांना विचारलेले नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात वॉरंटे आली. पतींचे चार हजारांचे, माझे चारशेचे. दोन्ही बँकेत भरली. दोन्ही परत आली, कंपनीच्या खात्यात पुरेशी शिल्लक नाही म्हणून. वॉरंट परत आल्याबद्दल बँकेने आमच्याच खात्यांतून प्रत्येकी वीस रुपये कापले. म्हणजे चाळीस टक्के लाभांशापैकी आमच्या घराच्या वाट्याला वजा चाळीस रुपये आले. सुनंदाबाईंचे सोळाशेचे वॉरंट परत आले. त्या मला जिन्यात भेटल्या, म्हणाल्या, "काकू, पुन्हा भरलं तर होईल का हो?" जानेवारीपर्यंत शेअरचा भाव सव्वादोन रुपये झाला होता, आणि त्या भावालाही घेणारा नव्हता.

दि. १० फेब्रुवारी १९९६ रोजी सायंकाळी साडेपाचच्या सुमारास उल्हास कारखानीस आमच्या घरी आला. सोबत एक किलो काजू कतली होती. माझ्या वहीबद्दल त्याला श्री. भल्लांनी सांगितले असावे, कारण सभेत ते माझ्या हाताकडेच पाहत होते. बोलणे पुढीलप्रमाणे झाले.

तो म्हणाला, "काकू, तुमचे अकराशे शेअर मी परत घेतो. ज्या भावाला दिले त्या भावाला. तेहतीस हजार, रोख, आत्ता. ती वही तेवढी मला द्या. जुनी वही ठेवून काय करणार?"

मी म्हटले, "सुनंदाबाईंचे किती देणार?"

तो म्हणाला, "त्यांनी बाजारातून घेतले. त्यांचा माझा काय संबंध?"

मी म्हटले, "मग बाजारातूनच वही घे."

तो हसला. मग पतींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काकू, वहीत काकांचंही नाव आहे ना? मांडणारे तेच. आणि काकांना महिना पंधराशे आम्ही काही मानद म्हणून देत नव्हतो. पोलीस काय फक्त माझंच पान वाचणार?"

पंधराशे रुपयांचे मला त्या क्षणी कळले. चौदा महिने मिळत होते. त्या पैशांतून पतींनी मला वाढदिवसाला साडी आणली होती, ती पेन्शनची थकबाकी मिळाली असे सांगून. साडीचा रंग सांगण्याची गरज नाही, असे साहेब म्हणाले. मी सांगत नव्हतेच.

पती म्हणाले, "देऊन टाक, कुसुम."

मी काजू कतलीचा बॉक्स उल्हासच्या हातात परत दिला आणि दार उघडून उभी राहिले. तो गेला. त्यानंतर तो मला दिसलेला नाही. सध्या तो कुठे आहे हे मला माहीत नाही. पुणे पोलिसांना माहीत नसेल तर नोएडातल्या निवृत्त बाईला असण्याचे कारण नाही.

तो गेल्यावर पती म्हणाले, "तू माझंही लिहिलंस?"

मी म्हटले, "तुम्ही बोललात, मी लिहिलं."

ते म्हणाले, "एवढं एक वाक्य गाळायचंस."

मी म्हटले, "एकतीस वर्षांत मंत्र्यांचं गाळलं नाही."

त्यानंतर नऊ दिवस आमच्यात बोलणे झाले नाही. स्वयंपाक दोघांचा होत होता. दहाव्या दिवशी पती सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून वरच्या मजल्यावर सुनंदाबाईंकडे गेले. तिथे काय झाले ते त्यांनी मला सांगितले नाही. सुनंदाबाईंनी नंतर सांगितले ते असे, की ते दारातच उभे राहिले, बसा म्हटले तरी बसले नाहीत. म्हणाले, "वहिनी, मला त्या कामाचे पैसे मिळत होते. मी तुम्हाला सांगायला हवं होतं." त्यावर सुनंदाबाई म्हणाल्या, "काका, फुकट कोण कार्ड छापून देतं? मला वाटलंच होतं. पण तुमच्या तोंडाकडे बघून घेतले."

पतींनी मार्चमध्ये स्कूटर विकली. साडेअकरा हजार आले. त्यांत त्यांनी पेन्शनमधले साडेनऊ हजार घातले. चौदा महिन्यांचे पंधराशेप्रमाणे एकवीस हजार होतात, ते सगळे सुनंदाबाईंना नेऊन दिले. सुनंदाबाईंनी ते मोजून घेतले, साध्या कागदावर पावती लिहून दिली. त्यांचे तेरा हजार चारशे अजून बुडालेलेच आहेत. त्या आमच्याकडे हल्ली हळदीकुंकवाला येत नाहीत. जिन्यात भेटल्या तर बोलतात.

दि. २१ मे रोजी पती सदनातून मराठी पेपरचे एक कात्रण घेऊन आले. त्यात पुण्याच्या फिर्यादींचे निवेदन होते. हिमोष्ण ब्लँकेट्सविरुद्ध पुण्यात गुन्हा दाखल झाला आहे, करोल बागेतील सभेला जे भागधारक हजर होते त्यांनी पुढे यावे, अशा अर्थाचे. माझ्या पतींनी चौतीस वर्षांच्या नोकरीत सरकारी टाचणी घरी आणली नाही, त्यांनी तो पेपर फाडून आणला होता. मी भाजी निवडत होते. ते कात्रण त्यांनी कपाटातून काढलेल्या माझ्या वहीवर ठेवले, वही माझ्यासमोर ठेवली आणि खाली पाणी आले आहे का बघायला गेले. त्या दिवशी पाण्याचा वार नव्हता.

मी त्याच दुपारी फिर्यादींना पत्र लिहिले. त्यावरून साहेब आज इथे आले आहेत.

वहीचे एकही पान फाडलेले नाही. पाने मोजून, प्रत्येक पानावर मी आद्याक्षरे घालून ती साहेबांच्या ताब्यात दिली, त्याची पोच घेतली. वहीच्या पंधराव्या पानावर उल्हास कारखानीसचे म्हशीचे वाक्य आहे. त्याच पानावर, खाली, माझ्या पतींचे वाक्य आहे. एक पाहिजे असेल तर दुसरे घ्यावेच लागेल.

साहेबांनी मला समजावून सांगितले की ठराव मांडणे हा काही गुन्हा नाही, पैसे घेतल्याचे मात्र विचारावे लागेल. तसेच पत्नीने पतीबद्दलचा मजकूर गाळायला सांगितला तर ते फार आग्रह करणार नाहीत, असेही म्हणाले. साहेबांचा हेतू चांगला आहे. मी गाळायला सांगत नाही.

माझे पती या वेळी चौकीच्या बाहेर बाकावर बसले आहेत. मी त्यांना या म्हटले नव्हते, ते आपणहून आले. त्यांनाही सांगायचे आहे, असे ते सकाळी म्हणाले. त्यांचा जबाब वेगळा घ्यावा. ते का उभे राहिले, हे तेच सांगतील. मी त्या वेळी खोलीत नसावे, एवढी विनंती आहे.

असा जबाब साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. सही लागत नाही म्हणाले, तरी मी केली. सगळा मजकूर मी सांगितला तसाच आहे. माझ्या पतींचे नाव आले तिथे साहेब भराभर वाचून पुढे गेले, म्हणून तेवढा भाग मी त्यांना पुन्हा, सावकाश, दार उघडे ठेवून वाचायला लावला. तोही बरोबर आहे.

(सही)
कु. शां. हुपरीकर